गोठ्यामागचा चुना

तिकोणा पेठ,
रविवार, दुपार

प्रिय अनुताई,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरली असशील, तर आधी सांगतो, सगळे जिवंत आहेत. दादाची गायसुद्धा. पत्र लिहिण्याचं कारण एवढंच की फोनवर तू मला सापडत नाहीस. मी दादाचा विषय काढला की तुझ्या कुकरची शिट्टी होते. अख्ख्या संगमनेरात एवढे कुकर लावणारं घर तुझंच असेल, आणि खाणारी तोंडं दोन. पत्राला शिट्टी नसते. शिवाय तुझा फोन कायम स्पीकरवर, आणि दाजी मधेच ओरडतात, "काय म्हणतो क्वालिटी?" तेव्हा हे एकटीनं वाच. मधेच मला शिव्या द्यायला थांबलीस तरी हरकत नाही, पण शेवटी तुला एक प्रश्न विचारलाय, तो गाळू नकोस.

दाजींच्या डोळ्याच्या ऑपरेशनमुळं तुला माझ्या चैतालीच्या साखरपुड्याला येता आलं नाही. तिथं काय झालं ते तू दादाच्या तोंडून ऐकलंच असशील, असा माझा दाट संशय आहे. आता माझ्या तोंडून ऐक. घोरावाडीचे पाहुणे आले, सतरंजीवर बसले, भटजींनी थोरल्या चुलत्याला नवऱ्यामुलाला गंध लावायला पुढं बोलावलं. दादा उठला. उजवा हात पँटच्या खिशात. मांडवात, पाहुण्यांसमोर, खिशात हात घालून उभा! आणि म्हणाला, "सोपाना, तूच लाव. मी जरा पाण्याचं बघतो." आणि जो गेला तो जेवणाच्या पंगतीलाही आला नाही. मुलाच्या आत्यानं नवरीची आई म्हणून रुपालीला कानात विचारलं, "चुलते नाराज हायेत का वो?" रुपाली म्हणाली, "न्हाई, त्यांचं पोट जरा बरं न्हाई." पाहुण्यांपुढं पोट नेहमी कामाला येतं.

ते मी गिळलं. पण भिंतीचं मात्र घशात अडकलं. आपल्याकडं लग्नघराची दर्शनी भिंत कशी असते ते तुला सांगायला नको. वर मंगलकलश, कडेला केळीचे खांब, मधे 'शुभविवाह' आणि खाली नवरा-नवरीची नावं. गेली कितीतरी वर्षं पवन मावळातल्या भिंतींवर ही नावं दादाच्याच हातची. तुझी तशीच, माझी तशीच. खडूची रेघ नाही, दोरी नाही. ब्रश टेकला की अक्षर उभं राहायचं, जणू ते भिंतीत आधीपासून होतं आणि ह्यानं फक्त वरची धूळ पुसली. दूधडेअरीचा फळा, शाळेतले सुविचार, टेम्पोच्या पाठीवरचं 'आईचा आशीर्वाद', सगळं हौशीराम पेंटर. म्हणून मी भिंतीला पांढरा हात मारून घेतला आणि बांधाशी जाऊन म्हटलं, दादा, कधी येतोस? गायीपुढं वैरण टाकत होता, वळलासुद्धा नाही. म्हणाला, "फ्लेक्स लाव. फोटो बी येतो त्यात दोघांचा. हातानं कोण लिवतंय आता?"

ताई, हा तो माणूस, ज्यानं पवनानगरच्या चौकात फ्लेक्सला 'पुढाऱ्यांची गोधडी' म्हटलं म्हणून त्याचं दोन पक्षांशी भांडण झालं होतं. आणि सख्ख्या पुतणीला फ्लेक्स! मी काय समजायचं? मी तेच समजलो जे कुणीही भाऊ समजेल. शेजारच्या बाजीरावनं पलीकडं पर्यटकांसाठी तंबू टाकल्यापासून धरणाकडच्या रानाला सोन्याचं मोल आलंय, तेव्हा दादाच्या डोक्यात बांध घुसलाय. माझ्याशी गोडीनं राहिलं तर बांध सरकवता येत नाही, म्हणून आधी तोंड फिरवायचं, मग बांध. मी वडगावला जाऊन मोजणीचा अर्ज टाकला. तू म्हणशील, एवढ्यावरून? पण माझी नोकरी लक्षात घे. नवलाख उंबरे गावच्या कारखान्यात क्वालिटी तपासनीस म्हणून मला पगार मिळतो तो संशय घेण्याचाच. समोर आलेला प्रत्येक नट खराब आहे असं धरून चालायचं, आणि तो चांगला निघाला तर नाइलाजानं पुढं सोडायचा. संध्याकाळी घरी येताना ही सवय गेटवर जमा करता येत नाही.

तर असा मी, आणि मला एक दिवस दादा चुन्याची बादली घेऊन गोठ्यामागं जाताना दिसला. दुसऱ्या दिवशीही दिसला. तिसऱ्या दिवशी मी कंपनीच्या बसमधून कामशेतला उतरलो तो घाईघाईनं गाडी मारत आलो, आणि बघतो तर उन्हं कलल्यावर परत बादली, परत गोठ्यामागं. आपला तो गोठा बांधाला अगदी खेटून, हे तुला आठवतच असेल. तोंड माझ्या घराकडं, पाठ किल्ल्याकडं. म्हणजे मला दिसते ती गाय. पाठीमागं काय चाललंय ते फक्त तिकोण्याला दिसतं. आता तूच सांग, मोजणीवाले यायच्या तोंडावर माणूस बांधालगत रोज चुना घेऊन कशाला जाईल? रेघ मारायला! चुन्याची रेघ एकदा मारून ठेवली की बघणाऱ्याच्या डोळ्याला तीच खरी वाटायला लागते. त्यात भागुवहिनी. नेमकी त्याच वेळी गोठ्याच्या कोपऱ्यावर सूप घेऊन गहू निवडत बसायची, आणि कुणी पायवाटेनं आलं की असं खोकायची की रेल्वेच्या गार्डानं शिट्टी द्यावी. एकदा मी मुद्दाम तिकडं निघालो, तर आडवी आली. "भावजी, तिकडं नका जाऊ. गाय मारती." ती गाय, ताई! बाजीरावकडं आलेल्या पाहुण्यांची पोरं तिच्या पोटाखालून लपंडाव खेळतात, तरी ती रवंथ थांबवत नाही.

पुरावा पाहिजे होता. मोबाईलनं फोटो काढून बघितला. बोटांनी मोठा केला, तर दादाच्या जागी लापशी. तेव्हा माझ्या मनात कॅमेरा आला. खिशात मावेल एवढा लहान, आणि किल्ल्याच्या वाटेवरून गोठ्यामागची बादली दिसेल एवढ्या लांब नजरेचा. घरात मी जाहीर केलं की मला पक्षिनिरीक्षणाचा छंद लागलाय. रुपालीनं लाटणं खाली ठेवलं. "पाखरं? घरातल्या कोंबड्या कंच्या आपल्या आन् कंच्या शेजारच्या, ते वळखंना तुमाला. कंची पाखरं?" मी म्हटलं, स्थलांतरित. ती म्हणाली, "बाजीरावच्या तंबूत येत्यात ती व्हय?" आणि त्यानंतर आठवडाभर डब्यात शेपूची भाजी. म्हणजे घरात एकाच वेळी दोन संशय नांदत होते. माझा दादावर आणि रुपालीचा माझ्यावर, आणि दोघंही आपापल्या संशयाला गरम जेवण वाढत होतो.

लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीच्या दुकानांच्या मधे एक फोटोचं दुकान आहे. पूर्वी तिथं खंडाळ्याला आलेल्या नवीन जोडप्यांचे रोल धुवून मिळायचे, आता पासपोर्टचे फोटो आणि मोबाईलची कव्हरं. गल्ल्यावर मालकाची मुलगी, तेजल. कॅमेरा म्हटल्यावर तिनं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की जणू मी रॉकेलचा स्टोव्ह मागितला. "काका, मोबाईल आहे ना? त्यातच काढा की." मी लापशीचं सांगितलं. मग तिनं काचेच्या कपाटातून एकेक काढून ठेवले. एक होता धिप्पाड, पुढं तोफ. त्यानं चंद्रावरचे खड्डे दिसतात म्हणाली. पण तो गळ्यात घालून मी किल्ल्याची वाट चढलो असतो तर आधी गावानं मलाच बघितलं असतं. दुसरा चपटा, गुलाबी. कॉलेजच्या मुली असले जुने कॅमेरे हल्ली शोधत येतात म्हणे. का? तर म्हणे, "यात फोटो जरा हललेले, जुनाट येतात ना काका, ते छान दिसतं. मुद्दाम घेतात." ज्या मालावर मी आयुष्यभर लाल शिक्का मारला, तो पोरी हौसेनं विकत घेतात.

तिसरा मनासारखा होता. शर्टाच्या खिशात मावणारा, आणि बटण दाबलं की त्याचं नाक लांब लांब बाहेर येतं. मी तो कारखान्यात माल तपासावा तसा तपासला. आवाज करतो का, लाल दिवा लागतो का, आपोआप उजेड मारतो का. तेजलला हे प्रश्न आवडले नसावेत. "कशाचे फोटो काढायचेत नक्की?" पक्ष्यांचे. "कोणते पक्षी?" मोठे. "किती लांबचे?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, बांधापलीकडचे. तिनं भुवई उचलली, पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. मग तिनं मला समजावलं, की झूम दोन प्रकारचा. एकात भिंग खरोखर पुढं सरकतं आणि लांबची वस्तू जवळ येते. दुसऱ्यात जवळ काहीच येत नाही, आहे तेच फुगवून मोठं दाखवतात. "त्या दुसऱ्याच्या आकड्याला भुलू नका काका." मी म्हटलं, पोरी, हा दुसरा झूम आमच्या पेठेत लाईट यायच्या आधीपासून आहे, पारावर बसलं की फुकट मिळतो. हसली. मग म्हणाली, "आणि ह्यात हात हलला तरी फोटो हलत नाही." त्यातच डोळा लावून बघायची खिडकी असलेला एक होता. तो घ्या, उन्हात मागचा पडदा दिसत नाही, असं ती परोपरीनं सांगत होती. मला वाटलं, महागाचा गळ्यात मारतेय. बिनखिडकीचा घेतला. हा संशय मला नडला, ते पुढं येईल.

मग माझं पक्षिनिरीक्षण सुरू झालं. पाळी बदलून घेतली, आणि उन्हं कलायच्या सुमाराला किल्ल्याच्या वाटेवर पहिल्या वळणाच्या कातळावर जाऊन बसायला लागलो. शनिवार-रविवार उपयोगाचे नाहीत. पुण्याची मंडळी निसर्गाच्या शोधात गाणी लावून चढत असतात. मधल्या वारी बरं असतं. पहिल्याच दिवशी बाजीराव भेटला. "सोपानभाऊ, कुटं निगाला?" पक्षी बघायला. त्यानं माझ्या खिशाकडं बघितलं, खाली दादाच्या गोठ्याकडं बघितलं, आणि म्हणाला, "हितं कंचं आलंत पक्षी? आमच्या डीजेनं कावळं बी गेलं. बघा, एकादा बांधावर बसल्याला गावला तर." गावात काही लपून राहत नाही, ताई. फक्त लपवणाऱ्याला तसं वाटतं.

खाली दादा येताना दिसायचा. बादली, पंचा, उजव्या हातात काहीतरी बारीक. उन्हात पडद्यावर मला माझंच टक्कल दिसायचं; मी आपला अंदाजानं नाक लांब करायचो आणि बटण दाबायचो. घरी येऊन न्हाणीघरात कडी लावून बघायचो. आणि तिथं माझी पार निराशा. बांध जिथल्या तिथं. करंजाचं झाड जिथल्या तिथं, खालचे दगडसुद्धा आपल्या आबांच्या वेळी होते तसे. जमिनीवर चुन्याचा थेंब नाही. दादा गोठ्याच्या भिंतीकडं तोंड करून उभा, पाठ माझ्याकडं, भिंत अशी तिरकी की नुसता पांढरा पट्टा. आणि सगळ्यांत चीड आणणारी गोष्ट म्हणजे फोटो हललेले. सगळे नव्हेत, नीट ऐक. बादलीची कडी स्वच्छ, पंच्याची किनार स्वच्छ, आणि दादाचा उजवा हात म्हणजे धूर. वेगळ्या दिवशी, वेगळ्या जागेवरून काढला, तरी उजव्या हाताचा धूर. मला आनंदच झाला म्हण ना. पुरावा नाही तर नाही, निदान फसवणूक तरी सापडली. 'हात हलला तरी फोटो हलत नाही' काय? दाखवतो.

गेल्या सोमवारी सुट्टी टाकून लोणावळ्याला गेलो. दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती, हे बघून मला जास्तच चेव आला. मी म्हटलं, हा तुमचा न हलणारा कॅमेरा. मी पोटाला हात टेकवून, श्वास धरून काढलेत. तेजलनं शांतपणे आतलं कार्ड काढलं आणि मोठ्या पडद्यावर लावलं. माझ्या न्हाणीघरात जे बोटभर दिसायचं ते तिथं हातभर दिसायला लागलं. तिनं आधी बांधाचा दगड मोठा केला. "हे बघा. दगडावरचं शेवाळ मोजता येईल. कॅमेरा हलला असता तर हे पण हललं असतं ना?" मी म्हटलं, मग हात? ती म्हणाली, "हात हलतोय म्हणून हललाय." म्हणजे? "काका, हा कॅमेरा फोटो घेणाऱ्याचा हात सावरतो. ज्याचा फोटो घेताय त्याचा हात कसा सावरेल?" मी तरी हट्टानं म्हटलं, तो काम करत असेल, घाईत असेल. तिनं एकामागून एक सगळे फोटो लावले. एकात तर दादा नुसता उभा आहे. काही करत नाहीये. आणि हाताचा धूर.

मला तेव्हाही समजलं नव्हतं, खरं सांगतो. माणूस स्वतःच्या संशयात इतका खोल रुतलेला असतो की कुणी दोर टाकला तरी आधी दोर कुणाचा ते विचारतो. मी म्हटलं, ठीक, पण हा चुना कशाला लावतोय तेवढं दिसतं का? तिनं भिंत मोठी केली. तो तिरका पांढरा पट्टा पसरत पसरत पडदाभर झाला. पांढऱ्यावर लाल. वाकडंतिकडं, थरथरलेलं, पहिलीच्या पोरानं गिरवावं तसं. तेजल मान कलती करून वाचायला लागली. "चै... ता... पुढचं पुसलंय. थांबा, दुसऱ्यात आहे." दुसरा फोटो लावला. "चैताली. चैतालीच आहे. खाली परत चैताली. कोण चैताली, काका?"

दुकानातली गिऱ्हाइकं पण बघायला लागली होती. मी म्हटलं, पुतणी आहे त्याची.

तर ताई, दादा गोठ्यामागं चुना नेत होता तो भिंतीला फासायला. नाव लिहायचं, बघायचं, पुसून वर चुना मारायचा, परत लिहायचं. अंधार पडायच्या आत शेवटचा हात मारून भिंत कोरी करून यायचं, म्हणजे सकाळी धारेला येणाऱ्याला काही दिसू नये. म्हणून वहिनीचा तो खोकला. म्हणून मारकी गाय. म्हणून खिशातला हात, म्हणून गंध मी लावायचं, म्हणून पंगतीला पाठ. पुतणीच्या नवऱ्याच्या कपाळावर गंधाच्या जागी ओरखडा उठला असता आणि घोरावाडीचे पाहुणे बघत बसले असते. पेंटर हौशीरामचा हात! मी तिथून निघालो ते कॅमेरा काउंटरवरच विसरून. तेजल बाहेर पळत आली आणि तो माझ्या खिशात घालून गेली. मी गाडीला किक मारत राहिलो आणि किल्ली लावलेलीच नव्हती.

मंगळवारी वडगावला जाऊन मोजणीचा अर्ज मागं घेतला. साहेबांनी विचारलं, तडजोड झाली का? मी म्हटलं, नाही, भांडणच झालेलं नाही. त्यांनी माझ्याकडं संशयानं बघितलं. बघू देत. आता प्रश्न असा, की मला कळलंय हे दादाला सांगायचं कसं? 'दादा, तुझा हात हलतो हे मला माहीत आहे.' कसं माहीत? 'किल्ल्यावरून चोरून तुझे फोटो काढले.' कशाला? 'तू बांध चोरतोयस म्हणून.' तो हात हलत असला तरी माझ्या कानाखाली बरोबर बसेल, आणि बसावा. पण त्यानंतर तो गोठ्यामागंही जायचा नाही. तुला त्याचा मान ठाऊक आहे. दयेचं एक अक्षर ऐकलं तर ब्रश चुलीत घालेल.

म्हणून मी परवा एक उद्योग केला. रंग आणला, ब्रश आणला, आणि आपल्या दर्शनी भिंतीवर स्वतः नाव लिहिलं. मुद्दाम वाईट लिहायचं ठरवलं होतं, पण मुद्दाम करायची गरजच पडली नाही. 'शुभ'मधला भ पोट सुटलेल्या हवालदारासारखा आलाय. 'विवाह'ला भिंत पुरली नाही म्हणून ह खाली उतरलाय. चैताली कामावरून आली, स्कूटीवरूनच बघत राहिली, आणि म्हणाली, "पप्पा, हे माझं नाव आहे की कुणाचा निषेध?" रुपाली तर म्हणाली, "पुसा आदी! पावण्यांनी बगितलं तर दारातनंच जात्याल माघारी." सगळं गाव येऊन हसून गेलं. बाजीराव म्हणाला, तंबूतल्या पाहुण्यांना दाखवायला आणतो. मी कुणाला काही सांगितलेलं नाही. घरातसुद्धा नाही. हे लिहिलंय ते फक्त बांधापलीकडच्या एका माणसानं बघावं म्हणून. बाकीचं गाव फुकटचं बघतंय.

आणि त्यानं बघितलं. काल उन्हं कलल्यावर बादली बाहेर आली नाही. दादा बांधापर्यंत आला, करंजाखाली उभा राहिला, आणि माझ्या भिंतीकडं बघत राहिला. मी खिडकीच्या पडद्याआडून, कॅमेरा घेऊन. हो, अजून चोरूनच. सवय इतक्यात जात नाही. त्याच्या तोंडावर इतकी किळस मी फक्त फ्लेक्स बघतानाच पाहिली आहे. मान हलवली. थुंकला. मग उजवा हात खिशातून बाहेर आला, आणि त्यानं हवेतच, माझ्या भिंतीच्या दिशेनं, एक उभी रेघ ओढली. वरून खाली. भ ची. मी बटण दाबलं. तो फोटो अर्थात हललेलाच आलाय. काढून टाकलेला नाही.

आता तो प्रश्न. तुला हे कधीपासून माहीत आहे? कुकर लावू नकोस. दिवाळीनंतर दादा 'दाजींचा डोळा बघायला' तुझ्याकडं येऊन राहिला आणि माघारी येताना औषधाची पिशवी घेऊन आला, जी वहिनीनं माझ्यादेखत धान्याच्या कणगीत लपवली. डोळा दाजींचा आणि गोळ्या दादाला? आणि फोनवर मला सांगायचीस, "दादाला चहा दिलास तर अर्धाच कप दे, त्याला पित्त होतं." पित्ताला अर्धा कप चालतो आणि पूर्ण चालत नाही, हे वैद्यक तुला कुणी शिकवलं? अर्धा कप हलला तरी सांडत नाही, एवढंच ना? म्हणजे तुला माहीत, वहिनीला माहीत, मला सोडून सगळ्यांना माहीत. दादा तुला म्हणाला असेल, "सोपानाला सांगू नगं, त्यो मापं काढील." म्हणाला ना? खोटं बोलू नकोस, आणि खरं सांगितलंस तरी मी रागावणार नाही, कारण त्यानं बरोबर ओळखलं. मी मापंच काढत बसलो होतो. डॉक्टर काय म्हणाले ते मला सगळं लिही. आणि तू ये. गुढीपाडव्याच्या आत ये. अचानक आल्यासारखी ये, आधी दादाकडं उतर, अंगणातून माझ्या भिंतीकडं बघ आणि कपाळावर हात मार. त्यापुढं तुला काही शिकवायला नको, लहानपणापासून आम्हा दोघांना तूच कामाला लावत आलीस. त्याला एवढंच म्हण, की हे असलं लग्नघर ठेवून मी संगमनेरला परत जाणार नाही. मी भिंतीखाली चुन्याची बादली आणि लाल रंगाचा डबा ठेवीन आणि कामावर निघून जाईन. किल्ल्यावर चढणार नाही, शपथ. रेघ हलली तर हलू दे, अक्षर कसं यायचं तसं येऊ दे. घोरावाडीच्या कुणी नाक मुरडलं तर मी सांगेन, पाहुणे, तुम्ही फार मागं राहिलात. लोणावळ्यात कॉलेजच्या पोरी हे असलंच हललेलं शोधत फिरतात, मुद्दाम घेतात.

तुझाच, बांधाअलीकडचा,
सोपान